लिहिण्याचें देणें

"लिहावयाचें पुष्कळ आहे, पण वेळ मिळत नाहीं," हें वाक्य ज्यानें कधीं उच्चारलें नाहीं असा सुशिक्षित मनुष्य आपल्याकडे सांपडणें कठीण. वकील, डॉक्टर, मास्तर, बँकेंतील अधिकारी, दोन मुलांची आई, निवृत्त तहसीलदार, सर्वांचें गाऱ्हाणें एकच. कोणाला वडिलांच्या आठवणी लिहावयाच्या असतात, कोणाला आपल्या विषयावर एखादा साधा लेख, तर कोणाला नुसतें एका जुन्या मित्राला सविस्तर पत्र. वर्षें जातात आणि वही कोरी राहते. बहुतेक ठिकाणीं या कोऱ्या वहीनें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु कांहीं ठिकाणीं तिची किंमत मोठी असते.

हिंगोली जिल्ह्याचेंच पाहा. परभणीपासून वेगळा होऊन हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. पण मुलूख जुना, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यांत होता. रझाकारांच्या भयानें सरहद्द ओलांडून पलीकडे वऱ्हाडांत गेलेलीं कुटुंबें या भागांत किती तरी. त्या वेळीं पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. स्वामी रामानंद तीर्थांनीं त्या लढ्याच्या आठवणी लिहून ठेवल्या. अनंत भालेरावांनीं दैनिकाच्या संपादकत्वाचा रोजचा रगाडा सांभाळून हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावर ग्रंथ सिद्ध केला. पण कोणत्या गांवची कोणती बाई कोणत्या रात्रीं दागिने चुलीखालीं पुरून निघाली, हें ज्यांना ठाऊक होतें त्यांतील बहुतेक "जरा मोकळें झाल्यावर लिहूं" असें म्हणत म्हणतच गेले.

म्हणून आज मला या "मोकळें झाल्यावर" या कल्पनेविषयींच बोलावयाचें आहे. लिहिण्यासाठीं आधीं जबाबदाऱ्यांतून सुटका हवी अशी आपली समजूत असते. मला ती खरी वाटत नाहीं. लिखाण हें जबाबदाऱ्या संपल्यावर करावयाचें काम नसून तीहि एक जबाबदारीच आहे, आणि इतर देण्यांच्या यादींत तिचें नांव व तारीख पडल्याखेरीज ती फिटत नाहीं.

यावर कोणी लोकमान्यांचें उदाहरण देईल. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगांत लिहिलें गेलें. १९१०-११ च्या हिवाळ्यांतील चारपांच महिन्यांत, शिसपेनीनें. साने गुरुजींनीं 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहून काढली. म्हणजे मोकळा वेळ मिळाला कीं ग्रंथ होतो, असें दिसतें खरें. पण तुरुंगांत त्या काळीं हजारों माणसें होतीं, सर्वांना वेळ सारखाच होता, आणि ग्रंथ मात्र थोड्यांनींच लिहिले. टिळकांच्या डोक्यांत गीतेचा विचार कित्येक वर्षें घोळत होता. गुरुजींची आई तर त्यांच्या मनांतून कधीं गेलीच नव्हती. तुरुंगानें वेळ दिला. मजकूर त्यापूर्वींच जमा झालेला होता. शिवाय ग्रंथ व्हावा म्हणून तुरुंगांत जाण्याची तयारी आपणांपैकीं किती जणांची आहे, हाहि प्रश्नच आहे.

आतां याच जिल्ह्याशीं नातें असलेल्या एका माणसाकडे वळूं. वसमत तालुक्यांत कुरुंदा नांवाचें गांव आहे. नरहर कुरुंदकरांचें आडनांव या गांवावरून आलेलें. जन्म १९३२, मृत्यु १९८२. वयाचीं पन्नास वर्षेंहि पुरीं झालीं नाहींत. पोटापाण्याचा उद्योग शिक्षकाचा: आधीं नांदेडला शाळेंत, मग तेथील पीपल्स महाविद्यालयांत, आणि शेवटीं त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. वर्ग, परीक्षा, बैठका, घरीं येणारेजाणारे, आणि या सर्वांवर व्याख्यानें. नाट्यशास्त्र, मनुस्मृति, शिवछत्रपति, मराठी कादंबरी, धर्म आणि राजकारण. विषय कोणताहि असो, मराठवाड्यांतच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रांत त्यांना बोलावणीं असत. अखेरीस १० फेब्रुवारी १९८२ रोजीं औरंगाबादेस व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. या गृहस्थानें "मला लिहावयास वेळ मिळाला नाहीं" असें म्हटलें असतें, तर एकाहि माणसानें त्यास दोष दिला नसता. प्रत्यक्षांत 'रूपवेध', 'मागोवा', 'जागर', 'शिवरात्र', 'धार आणि काठ', 'पायवाट' अशीं पुस्तकें त्यांच्या हातून झालीं.

हें कसें झालें? त्यांच्या पुस्तकांची घडण पाहिली कीं उत्तर बरेंचसें हातीं लागतें. त्यांतील कितीतरी मजकूर कोणाला तरी दिलेल्या शब्दांतून निघाला आहे. कोणाच्या ग्रंथाला प्रस्तावना कबूल केलेली असते, कोणा संपादकाला लेख, कोठें व्याख्यानमाला. व्याख्यानासाठीं केलेला विचार लेखांत येतो, आणि लेखांचें पुस्तक होतें. एकच मेहनत दोनतीन ठिकाणीं उपयोगी पडते. सर्वांत बोलकें उदाहरण 'श्रीमान योगी'चें. रणजित देसायांच्या त्या कादंबरीला कुरुंदकरांची जी दीर्घ प्रस्तावना आहे ती पत्ररूप आहे. मला हें फार महत्त्वाचें वाटतें. "शिवाजीमहाराजांवर एक ग्रंथ लिहावा" असा संकल्प करून बसलेल्या माणसापुढें कोरा कागद असतो. पण पत्र लिहिणाऱ्यापुढें माणूस असतो. त्या माणसाला कांहीं हवें असतें, तो वाट पाहत असतो, आणि त्याला काय ठाऊक आहे व काय नाहीं हें आपणांस ठाऊक असतें. कोठून आरंभ करावा ही अर्धी अडचण तेथेंच सुटते.

या रीतीला दुसरी बाजूहि आहे आणि ती लपविण्याचें कारण नाहीं. लोकांच्या मागणीप्रमाणें लिहिणाऱ्याचें लिखाण विखुरतें. कुरुंदकरांचीं अनेक पुस्तकें त्यांच्या पश्चात् इतरांनीं गोळा करून छापलीं. मागणाऱ्याला 'नाहीं' म्हणण्याची कला ज्याला साधली नाहीं त्याला ही रीति ओढून नेऊं शकते. म्हणून शब्द द्यावा, पण मोजून द्यावा.

आणि दिलेला शब्द कोठें तरी लिहून ठेवावा. आपल्या घरांत वाण्याची उधारी लिहिलेली असते, दूधवाल्याचा खाडा लिहिलेला असतो. पण माणसांना दिलेलीं वचनें मात्र आपण डोक्यांत ठेवतों. मावशीच्या मुलीच्या स्थळाची चौकशी करीन म्हणून सांगितलेलें असतें, सोसायटीच्या हिशेबावर नजर टाकीन म्हणून कबूल केलेलें असतें, शेजाऱ्याच्या मुलाचा अर्ज तपासून द्यावयाचा असतो. त्यांत "बघूं" नांवाचा आपला एक खास शब्द आहे. "बघूं" म्हणजे होयहि नव्हे, नाहींहि नव्हे. ऐकणारा त्याचा अर्थ होय असा घेतो, बोलणारा नाहीं असा, आणि दोघेहि महिनाभर मनांत तें वागवीत राहतात. माझ्या मतें आपल्या वेळेचा जेवढा नाश "बघूं"नें केला आहे तेवढा मोबाइलनेंहि केला नसेल.

अपुरें राहिलेलें काम मनाला टोचत राहतें, हा अनुभव शास्त्रज्ञांनींहि तपासून पाहिला आहे. १९२७ सालीं बर्लिनमध्यें ब्लूमा झायगार्निक या विदुषीनें प्रयोगांवरून असें मांडलें कीं, पुऱ्या झालेल्या कामांपेक्षां मध्येंच तोडलेलीं कामें माणसाच्या अधिक लक्षांत राहतात. पुढें इतरांना तो निष्कर्ष सर्वत्र तसाच मिळाला असें नाहीं. पण २०११ सालीं मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनीं दाखविलेली गोष्ट आपल्या उपयोगाची आहे: अपुरें काम पुरें केलें नाहीं तरी तें केव्हां व कसें करावयाचें हें निश्चित ठरविलें, तर त्याची टोचणी पुष्कळ कमी होते. आपल्या रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनांना हें प्रयोगावांचून ठाऊक असावें. रकम ज्या दिवसाची त्या दिवशीं वहींत चढली कीं रात्रीं झोंप येई.

तेव्हां एक साधी वही करावी. डाव्या बाजूस कोणाला शब्द दिला, मधें काय द्यावयाचें, उजव्या बाजूस तारीख. तारीख ठरवितां येत नसेल तर तो शब्द अजून दिलेला नाहीं असें समजावें आणि संबंधितास तसें कळवावें. आठवड्यांतून एकदां, रविवारीं दुपारीं म्हणा, वही उघडून बसावें. ज्या ओळी तीन रविवार हलल्या नाहींत त्यांपैकीं कांहींवर रेघ मारावी लागेल. मारावी, पण त्या माणसाला फोन करून मगच. आणि या वहींत आपल्या लिखाणाचीहि ओळ हवी, इतरांच्या ओळींच्या मधोमध. "पुस्तक लिहिणें" अशी ओळ घालूं नये. "अमक्या दादांना १९४८ सालच्या हकीकतीचीं चार पानें वाचून दाखविणें, दिवाळीपूर्वीं," अशी घालावी.

आतां किती लिहावें हा प्रश्न. येथें आपले संकल्प फार मोठे होतात. हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या कांठीं नर्सी हें गांव आहे. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरा त्यास मानते. नामदेवांनीं शंभर कोटि अभंगांची प्रतिज्ञा केली होती, असें वारकरी परंपरेंत सांगतात. गणितच केलें तर १२७० ते १३५० या त्यांच्या ऐंशी वर्षांत, जन्मल्या दिवसापासून, रोज ३४ हजारांहून अधिक अभंग व्हावयास हवेत! आज त्यांच्या नांवावर मराठी अभंग मिळतात ते दोन हजारांवर, आणि त्यांतहि मागाहूनच्या नामा नांवाच्या कवींची भर आहे. गुरु ग्रंथसाहेबांत त्यांचीं ६१ पदें आहेत. भक्ताच्या प्रतिज्ञेचा असा हिशेब मांडणें गैर आहे, हें मला समजतें. ती प्रीतीची भाषा आहे. परंतु आपण संसारी माणसें नववर्षाच्या दिवशीं जी प्रतिज्ञा करतों तीहि शंभर कोटींचीच असते, आणि तिच्यामागें नामदेवांची प्रीति नसते.

याच्या उलट महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचें काम पाहावें. ते मुंबईस वकिली करीत. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाला जोडण्यासाठीं धर्मशास्त्राच्या इतिहासाचें एक प्रकरण लिहावें एवढाच त्यांचा मूळ बेत होता. त्याचे पुढें पांच खंड झाले. पहिला १९३० सालीं निघाला, शेवटचा १९६२ सालीं, आणि पानें साडेसहा हजारांच्या वर. १९६३ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें. आकडा ऐकून छाती दडपते. पण भागाकार करून पाहा: बत्तीस वर्षांच्या दिवसांनीं भागलें तर रोजचें छापील पान अर्ध्याहून थोडेंच अधिक येतें. त्या अर्ध्या पानामागें वाचन किती होतें तें निराळें, आणि त्याची बरोबरी आपण करूं नये. मात्र अर्धें पान हें माप आपल्याहि घरांत मावण्यासारखें आहे. रोज दीडशे शब्द लिहिले तर वर्षाला पन्नास हजारांवर जातात. मध्यम आकाराच्या पुस्तकास तेवढे पुरतात.

वेळ कोणती? अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यांत नोकर होता. पहांटे साडेपांचला तो टेबलाशीं बसे, समोर घड्याळ ठेवी, पाव तासाला अडीचशे शब्द असें स्वतःला बांधून घेई आणि मग कचेरीस जाई. वेळेवर कॉफी आणून उठविण्यासाठीं नोकरास वर्षाला पांच पौंड जादा देई. त्याच्या सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. घड्याळाची ती शिस्त प्रत्येकाला मानवेल असें नाहीं, आणि पांच पौंडांचा नोकरहि आपल्याकडे नाहीं. त्यांतील घेण्यासारखें एवढेंच कीं, लिखाणाची वेळ रोज नव्यानें शोधावयाची नसते. जी गोष्ट रोज होतेच तिच्या शेजारीं ती बसवावयाची असते. सकाळचा चहा झाला कीं वही. वर्तमानपत्र आणि मोबाइल त्यानंतर. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे आणि त्यांत शाई, लेखण्या, चाकू अशा बारीकसारीक गोष्टींपर्यंत लक्ष पुरविलें आहे. एवढ्या विरक्त पुरुषास साहित्य जागच्या जागीं असण्याचें महत्त्व वाटलें, तर आपण पेन शोधण्यांत दहा मिनिटें घालवूं नयेत.

स्त्रियांचा प्रश्न मात्र इतक्यावर सुटत नाहीं. सकाळचा चहा झाला कीं पुरुषाचा वेळ सुरू होतो, आणि बाईचें काम. येथें जनाबाईंची आठवण होते. त्या गंगाखेडच्या, नामदेवांच्या घरीं वाढलेल्या, स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेणाऱ्या. जातें, मुसळ, धुणें, शेण, सगळें काम त्यांच्या अभंगांत आलेलें आहे. हात कामांत असतांना ओळ मनांत जुळत असे. हात गुंतलेले आणि मन मोकळें अशी कामें आजच्याहि घरांत आहेत. कणीक मळतांना, बसमध्यें उभें राहून जातांना एक वाक्य मनांत नीट घडवावें आणि हात पुसतांच तें टिपून ठेवावें. पण एवढें सांगून थांबणें अन्यायाचें होईल. नामदेवांच्या घरीं, परंपरा म्हणते, आई गोणाई, पत्नी राजाई, मुलें, सुना, सर्वांनीं अभंगरचना केली. त्या घरांत शब्द जुळविणें हें कोणा एकट्या कर्त्या पुरुषाचें चैनीचें काम नव्हतें. जेथें घरच्या सर्व देण्यांची वही एकट्या बाईनेंच सांभाळावयाची असते तेथें तिला टिपणवही भेट देणें म्हणजे थट्टा आहे. आधीं त्या वहींतील चार ओळी दुसऱ्या कोणाच्या नांवावर चढल्या पाहिजेत.

आणखी एक अडचण पुष्कळांना थांबविते. पहिलेंच वाक्य सुबक हवें, या हट्टापायीं दुसरें वाक्य येत नाहीं. वसमत-हिंगोलीकडे हळदीचें पीक मोठें. ही हळद जमिनींतून निघते तेव्हां मातीनें माखलेली असते. ती धुतात, उकडतात, उन्हांत दिवसचे दिवस वाळवितात, आणि अगदीं शेवटीं ढोलांत घालून तिला झिलई देतात. ओल्या हळकुंडाला झिलई देण्याचा वेडेपणा कोणीहि शेतकरी करीत नाहीं. आपण मात्र कागदावर उतरण्यापूर्वींच वाक्याला झिलई देऊं पाहतों. जुने कारकून आधीं खर्डा करीत व मग पक्की नक्कल, तेंच बरें. सकाळचें अर्धें पान खर्ड्याचें असावें. तें त्या दिवशीं वाचूंहि नये. आठवडाभर वाळूं द्यावें आणि रविवारीं, वही उघडण्याच्या वेळींच, हातांत घ्यावें. लिहिणें थांबवावयाचें तें पुढचें वाक्य ठाऊक असतांना थांबवावें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं विहिरींत पोहरा रिकामा सोडावा लागत नाहीं. हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाचीहि हीच रीति होती.

एखादा दिवस चुकेल. लग्नसराईंत चार चुकतील, घरांत आजारपण आलें तर महिना जाईल. राहिलेलें सारें एकदम भरून काढण्यास बसूं नये. दोन पानांचें देणें डोक्यावर घेऊन बसलेला मनुष्य अर्धें पानहि लिहीत नाहीं. चुकलेले दिवस सोडून द्यावे आणि त्या दिवसाचें अर्धें पान लिहावें. ज्यांना शब्द दिला आहे त्यांना नवी तारीख मात्र त्याच दिवशीं कळवावी. त्यांतहि ज्यांचें वय नव्वदीच्या पुढें आहे, ज्यांच्याकडून ऐकून घेऊन लिहावयाचें आहे, त्यांच्या ओळीपुढची तारीख पुढें ढकलूं नये; तेथें लग्नाचें एक जेवण चुकलें तरी चालेल.